ऊन तेवढं तुझ्याकडेच ठेव

सकाळी सातच्या विमानाची माणसं पहाटे तीनला उठलेली असतात. सीटवर टेकली की त्यांचे आपोआप दोन पक्ष पडतात. एकाला मोडलेली झोप पुरी करायची असते, दुसऱ्याला ढगांच्या वर पोचल्यावरचं कोवळं ऊन बघायचं असतं. दोघांनी तिकिटाचे पैसे मोजलेले, दोघांच्या इच्छा निरुपद्रवी, आणि दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकची एक झडप. ती वर सरकवली की एकाची झोप जाते, खाली ओढली की दुसऱ्याचा उजेड.

जगात याहून मोठी भांडणं पुष्कळ आहेत. तरी मला याचं कुतूहल वाटतं, कारण यात दोघांपैकी कुणीच वाईट नसतं. शिवाय विमानातलं भांडण हळू आवाजात, बहुधा इंग्रजीत आणि पुढे-मागे 'प्लीज' लावून चालतं. एसटीतलं भांडण पुढच्या थांब्यापर्यंत विरून जातं. हे मात्र सामानाच्या पट्ट्यापर्यंत सोबत येतं.

एकदा दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या सकाळच्या विमानात पलीकडच्या, डाव्या बाजूच्या रांगेतला संवाद कानावर पडला. दक्षिणेकडे येताना डावी बाजू म्हणजे पूर्व, त्यामुळे ऊन थेट आत. खिडकीशी विशीतला एक मुलगा फोन काचेला टेकवून व्हिडिओ घेत होता. मधल्या सीटवर एक काकू, मांडीवर पर्स, डोळ्यांवर पदर.

"अरे बाळा, ते जरा खाली घेतोस का? डोळ्यांवर येतंय."

मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सॉरी काकू, पण मी विंडोचे वेगळे पैसे भरलेत."

काकूंनी पदर बाजूला केला. "भरलेस ना? मग ऊनही तेवढं तुझ्याकडेच ठेव."

मालकी हक्कावर इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मुलानं झडप अर्ध्यावर आणली आणि काकू झोपल्या.

मुलानं पैसे भरले होते हे खरं. पण कशाचे? भिंतीला डोकं टेकण्याचे, बाहेर बघण्याचे, की उजेडाच्या चावीचे? पावतीवर हे लिहिलेलं नसतं, आणि विमानाची बांधणी पाहिली तर हा हक्क आणखीच डळमळीत होतो. खिडक्या विमानाच्या सांगाड्यातल्या कड्यांच्या मधोमध बसवतात. आपल्याकडच्या बहुतेक विमानांत ही कडी साधारण २० ते २१ इंचांवर असतात, आणि ते अंतर कारखान्यात कायमचं ठरतं. सीटच्या रांगांमधलं अंतर मात्र विमान कंपनी ठरवते, २८ ते ३२ इंचांच्या आसपास. या दोन मापांचा मेळ बसण्याचं काही कारणच नाही. म्हणून एखाद्या रांगेला दीड खिडकी मिळते, एखादीला मान मागे वळवल्याशिवाय काहीच दिसत नाही, आणि कित्येक खिडक्या दोन रांगांच्या बरोबर मध्ये येतात. जुन्या एसटीच्या सरकत्या काचेसारखा प्रकार. आपली बाजू उघडायला काच सरकवावी, तर पुढच्या बाईंची खिडकी बंद होते.

विमानात अशा सामाईक खिडकीवर मागच्या रांगेतला हात फटीतून हळूच पुढे येतो आणि झडप खाली ओढतो. पुढचा माणूस ती वर करतो. पाच मिनिटांनी हात परत येतो. या दोघांनी एकमेकांचा चेहराही पाहिलेला नसतो.

काही सीटना तर खिडकीच नसते. वातानुकूलनाचे नळ आणि तारा भिंतीतून वर नेलेल्या असतात, तिथे खिडकी बसवता येत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांवर याच कारणानं खटले दाखल झाले. तक्रार अशी की खिडकीच्या सीटचे जादा पैसे घेतले आणि शेजारी निघाली कोरी भिंत. या तक्रारीला कुणी हसेल. पण जी वस्तू आपण विकतो ती नेमकी काय आहे, हे विकणाऱ्यानं कधी सांगितलेलंच नाही, हा मुद्दा त्यातून पुढे आला. काकूंचा प्रश्न तोच होता.

या झडपेवर कुणाचा हुकूम चालतो हे अगदी स्पष्ट असतं, अशी वेळ एका प्रवासात दोनदा येते. उड्डाण आणि उतरणं. त्या वेळी झडप प्रवाशाची नसते, केबिन क्रूची असते. आपल्याकडे 'खिडक्या उघड्या ठेवा' ही घोषणा आपण इतक्यांदा ऐकली आहे की ती कानावरून जाते. झोपलेल्या माणसाला हलवून झडप वर करायला लावणारी ती मुलगी त्या क्षणी अनेकांना उद्धट वाटते. तिचं कारण मात्र पक्कं असतं. अपघात झालाच तर बहुधा विमान जमिनीजवळ असताना होतो, आणि तेव्हा कुठल्या बाजूला आग आहे हे बाहेर बघितल्याशिवाय कळत नाही. चुकीच्या बाजूचं दार उघडलं तर आग आत येते. नवं विमान मंजूर होताना, निम्मी दारं बंद आहेत असं धरून, सगळी माणसं ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावी लागतात. तेवढ्यात झडपा वर करत बसायला वेळ नसतो. रात्री उतरताना आतले दिवे मंद करतात तेही यासाठीच. अंधाराला सरावायला डोळ्यांना बरीच मिनिटं लागतात, मग ती आधीच देऊन ठेवायची.

२ जानेवारी २०२४ ला तोक्योच्या हानेदा विमानतळावर हे सगळं कामी आलं. साप्पोरोहून आलेलं जपान एअरलाइन्सचं विमान संध्याकाळच्या अंधारात धावपट्टीवर उतरताना तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं आणि पेटलं. त्या छोट्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. मोठ्या विमानात ३७९ माणसं होती. ध्वनिक्षेपक बंद पडला होता, म्हणून क्रूनं कर्णे वापरले, ओरडून सूचना दिल्या. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती. कुठली तीन, हे त्यांना बाहेरच्या ज्वाळा बघून ठरवावं लागलं. ३७९ च्या ३७९ जिवंत बाहेर आले. 'खिडकी उघडा' म्हणणाऱ्या मुलीवर पुढच्या वेळी कपाळाला आठी घालण्याआधी हे आठवावं.

गंमत अशी की आपल्याच देशात याच्या उलटा हुकूमही निघाला. २०२५ च्या मे महिन्यात, सीमेवरच्या तणावानंतर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं संरक्षण दलांच्या विमानतळांसाठी, विशेषतः पश्चिम सीमेजवळच्या, आदेश काढला. विमान १० हजार फुटांवर जाईपर्यंत आणि उतरताना त्याच्या खाली आल्यावर झडपा बंद ठेवायच्या, संकटकालीन दारांच्या रांगा तेवढ्या वगळून. कारण उघड होतं, कुणी लष्करी तळाचे फोटो काढू नयेत. मराठी माणसाच्या वाटेवरचं लोहगाव हवाई दलाचं आणि दाबोळी नौदलाचं आहे. फोटो काढू नका ही तंबी तिथे आपल्याला जुनीच ओळखीची. इथे सुरक्षेचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे राहिले. एक म्हणतो बाहेर बघा, दुसरा म्हणतो बघू नका. माझं मत विचाराल तर फोटोची भीती मला आगीच्या भीतीपुढे लहान वाटते. उपग्रहांच्या काळात वीतभर खिडकीतून कुठलं मोठं गुपित फुटणार? पण एक गोष्ट मानायला हवी. हुकूम निघाला तेव्हा झडपेवरून भांडायला जागा उरली नाही. झडप कुणाची हे सगळ्यांना ठाऊक होतं.

भांडण होतं ते मधल्या वेळात, जिथे नियमच नाही.

१९६० साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञानं एक निबंध लिहिला. पुढे १९९१ चं नोबेल त्यांना मिळालं त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. त्यात त्यांनी १८७९ चा लंडनमधला एक खटला घेतला आहे. एक मिठाईवाला आपल्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं मोठ्या खलबत्त्यात कुटत असे. शेजारी एक डॉक्टर राहत होता, त्याला त्याचा काही त्रास नव्हता. मग डॉक्टरनं बागेच्या टोकाला, त्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली. आता कुटण्याच्या आवाजात त्याला रोग्याची छाती ऐकू येईना. तो कोर्टात गेला आणि जिंकला. कोसचं म्हणणं असं की मिठाईवाला डॉक्टरला त्रास देतो, एवढंच बघणं अपुरं आहे. डॉक्टरला वाचवायचं तर मिठाईवाल्याचं नुकसान करावं लागतं. त्रास दोन्ही बाजूंनी असतो. विचारायचं ते एवढंच, की कुणाचं नुकसान टाळणं कमी खर्चाचं आहे.

हा प्रश्न झडपेला लावून बघा. बाहेर बघणाऱ्याकडे दुसरा पर्याय काय? काही नाही. बाहेरची सह्याद्रीची रांग त्याला मधल्या वाटेत कुणी आणून दाखवणार नाही. झोपणाऱ्याकडे मात्र पर्याय आहे, डोळ्यांवर बांधायची पट्टी. ती फार महाग नसते, लांबच्या प्रवासात पुष्कळ कंपन्या फुकट देतात, आणि काकूंचा पदर तर कायम सोबतच असतो. म्हणून दिवसाच्या, तास-दोन तासांच्या प्रवासात माझा कौल खिडकीवाल्याच्या बाजूनं आहे. काकूंचं वाक्य लाख मोलाचं, पण निकाल मी मुलाच्या बाजूनं दिला असता. फक्त तिरपं ऊन थेट एखाद्याच्या तोंडावर येत असेल, किंवा कुणी वाचत असेल आणि पानावरची झळाळी सहन होत नसेल, तर अर्धी झडप. वाचणाऱ्याला पट्टी बांधून कसं चालेल?

रात्रीचं गणित वेगळं. बाहेर उजाडलंय पण दोन-अडीचशे माणसं अजून झोपलेली आहेत, अशा वेळी एकानं झडप उघडली की उजेडाचा पट्टा थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत जातो. तिथे एकाच्या आनंदाची किंमत फार माणसं मोजतात. तिथे कौल झोपेला.

अडचण अशी की लांबच्या प्रवासात रात्र कुणाची धरायची हेच ठरत नाही. लंडनहून सकाळी निघून दुपारी न्यूयॉर्कला पोचणाऱ्या विमानाबाहेर सात-आठ तास सूर्य मावळतच नाही. त्या विमानात मुंबईहून अपरात्री निघालेली, रात्रभर न झोपलेली माणसं असतात आणि लंडनमध्ये न्याहारी करून आलेली ताजीतवानी माणसंही असतात. जेवण झालं की झडपा बंद करायला सांगतात, आणि भर दुपारी केबिनमध्ये मध्यरात्र होते. ती रात्र आकाशातली नसते, कंपनीनं ठरवलेली असते.

आणि शरीराला उजेडाचा नुसता त्रास होत नाही, त्यावर त्याचं घड्याळ चालतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यांत खाली असतं. त्याच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर उजेड पडला तर आतलं घड्याळ मागे सरकतं, नंतरच्या तासांत पडला तर पुढे. आता न्यूअर्कहून मुंबईला येणाऱ्या विमानातले दोन शेजारी घ्या. एक आजोबा, लेकीकडे न्यू जर्सीत सहा महिने राहून परत निघालेले. त्यांचं शरीर अमेरिकेच्या वेळेवर. दुसरी, तीन दिवसांच्या मीटिंगसाठी गेलेली पुण्याची इंजिनिअर, जिचं शरीर अजून भारताच्याच वेळेच्या आसपास आहे. दोन्हीकडच्या वेळांत साडेनऊ ते साडेदहा तासांचं अंतर. एकाच खिडकीतून येणारा तोच उजेड आजोबांचं घड्याळ एका दिशेला आणि तिचं दुसऱ्या दिशेला ढकलू शकतो. "आजोबा, उघडी ठेवू का थोडा वेळ?" हा प्रश्न तिथे नुसता शिष्टाचाराचा राहत नाही, दोघांच्या पुढच्या आठवडाभराच्या झोपेचा होतो. त्याचं उत्तर वयावरून किंवा कुणी किती पैसे भरले यावरून कसं निघणार?

बोइंगला वाटलं असावं, झडपच काढून टाकली तर तंटा मिटेल. ड्रीमलायनर हे विमान २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या ऑल निप्पॉन एअरवेजनं पहिल्यांदा प्रवाशांसाठी उडवलं, आणि २०१२ मध्ये ते एअर इंडियाकडेही आलं. त्याला खिडक्या मोठ्या आहेत आणि झडप नाही. खाली एक बटण असतं. दाबलं की काचेतला विद्युत थर हळूहळू गडद होत जातो, निळसर संध्याकाळ झाल्यासारखा. कल्पना सुरेख होती. उजेड कमी करायचा, बाहेरचं दिसणं मात्र थोडं ठेवायचं. पण त्याच यंत्रणेत सगळ्या खिडक्यांचा ताबा क्रूच्या पॅनेलवर आला. त्यांनी एक कळ दाबली की सगळं विमान निळं होतं, आणि मग खिडकीवाल्यानं आपलं बटण कितीही दाबलं तरी काच उजळत नाही. भांडण संपलं नाही, फक्त शेजाऱ्याकडून क्रूकडे सरकलं. शेजाऱ्याला निदान 'जरा वर करू का' असं विचारता तरी येतं.

हे सगळं पाहून मला आपल्या रेल्वेचं कौतुक वाटतं. ते सहसा वाटत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. मधला बर्थ उघडायचा कधी, यावरून तीन पिढ्या भांडल्या. रेल्वेनं त्यावर वेळ लिहून टाकली. आरक्षित डब्यात झोपायची वेळ रात्री १० ते सकाळी ६. आधी ती ९ पासून होती, २०१७ मध्ये बदलली. त्याबाहेर खालचा बर्थ सगळ्यांना बसण्यासाठी. आजारी, दिव्यांग आणि गरोदर बायकांना सवलत द्यावी, हेही त्यात लिहिलं. तेव्हापासून डब्यात कुरबुर थांबली असं नाही, पण 'दहा वाजले, काका, आता उघडू द्या' असं म्हणायला एक आधार आला. बसणाऱ्याचा अपमान होत नाही, झोपणाऱ्याला विनवणी करावी लागत नाही. घड्याळ मध्ये पडतं.

विमान कंपन्यांनी असं काहीच केलेलं नाही. त्या खिडकी वेगळ्या किमतीला विकतात आणि त्या खिडकीचं काय करायचं हे दोन अनोळखी माणसांवर सोडून देतात. सीट मागे झुकवण्याबद्दल तेच झालं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेलं विमान अशाच भांडणापायी मध्येच शिकागोला उतरवावं लागलं. मागच्या माणसानं पुढची सीट झुकू नये म्हणून तिला अडकवण्या लावल्या होत्या. कंपनीनं पुढच्याला झुकण्याची जागा विकली होती आणि मागच्याला गुडघे ठेवण्याची. जागा तीच होती. ज्यानं एक वस्तू दोघांना विकली तो भांडणात दिसत नाही, भांडतात ती दोन गिऱ्हाइकं.

म्हणून मागणी कंपन्यांकडे करायला हवी. उड्डाणाच्या घोषणेत पट्ट्याबद्दल, फोनबद्दल, जीवरक्षक जाकिटाबद्दल इतकं सांगतातच. त्यात दोन वाक्यं घालायला काय हरकत आहे? दिवसाच्या प्रवासात झडप खिडकीच्या सीटवरच्या प्रवाशानं हवी तशी ठेवावी, थेट ऊन कुणावर येत असेल तर अर्धी घ्यावी. दिवे मंद केल्यानंतर सगळ्या झडपा खाली. दोन रांगांमधली खिडकी पुढच्या रांगेची की मागच्या, हेही एकदा ठरवून सीटच्या नकाशावर छापावं. बसण्याच्या जागेचे वेगळे पैसे घेता, तर तिच्याबरोबर काय मिळतं हे सांगण्याची जबाबदारीही तुमचीच.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. मुंबईहून सकाळी दिल्लीला निघाला असाल आणि झोपायचं असेल, तर डाव्या बाजूची सीट घ्या. ऊन उजवीकडून येतं. परतीच्या सकाळच्या विमानात उजवी बाजू घ्या.